मी रूपेशच्या मानेतली तपकिरी चरबी

मित्रांनो, मी एक जुनी चरबी आहे. हसलात ना? हसा बापडे. आमच्या कुळाला मान कुठे आहे! कुणी उर्मटपणा केला की लोक लगेच म्हणतात, "चरबी चढलीय याला." पण चरबी-चरबीत फरक असतो. पोटावर बसते ती पांढरी चरबी. तिचं काम साठवायचं, कणगीत भात भरून ठेवावा तसं. मी तपकिरी. माझं काम जाळायचं.

माझा मुक्काम मानेच्या दोन्ही अंगांना, गळ्याच्या हाडाच्या वर, आणि थोडासा पाठीच्या कण्याला लागून. ज्याच्या अंगात मी राहते त्याचं नाव रूपेश. मूळ गाव बदलापूरजवळची चामटोली, सध्या राहणार खरवई. त्याची गोष्ट तीच माझी गोष्ट. ती काही आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीने फसवलं.

रूपेश जन्मला तो पौषात. डोंगराच्या अंगाला असलेलं कुडाचं घर, वारा भिंतीतून आरपार जायचा. त्यात पोरगं दिवस भरायच्या आधी आलेलं, मूठभर जीव. त्याची आई चंद्री घाबरून गेली होती. गयाबाई सुईण तिला म्हणाली, "चंद्रे, पोर गार पडू देऊ नको, नायतर हाताला लागायचं नाय." चंद्रीने त्याला छातीशी धरलं, वरून लुगड्याचे पदर गुंडाळले. पण मित्रांनो, नुसत्या पदरांनी ऊब तयार होत नाही. असलेली ऊब तेवढी टिकते. ऊब आतून यावी लागते, आणि तान्ह्या बाळाला तुमच्यासारखं कुडकुडताही येत नाही. म्हणून तर निसर्गाने प्रत्येक बाळाबरोबर मला धाडलेलं असतं.

माझी रचना साधी आहे. एकेका पेशीत तेलाचे बारीक बारीक थेंब, आणि त्यांच्याभोवती ढीगभर इवल्या चुली. त्या चुलींत लोह असतं, म्हणून माझा रंग तपकिरी. थंडी वाजली की मेंदू मज्जातंतूंच्या वाटेने निरोप पाठवतो, 'पेटव गं!' की मी तेल जाळते, रक्तातली साखर ओढून घेते, तीही जाळते. त्यातून ऊब होते आणि रक्ताबरोबर अंगभर पोचते. त्या पौषात मी विसावा असा घेतलाच नाही. पाचवीला गयाबाईने बाळाच्या पाठीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आतून शेकोटी हाय याला. जगतंय पोर." माझ्या आयुष्यातली ती एकुलती एक शाबासकी.

पुढे रूपेश वाढला तशी मी आटले. पाठीतला माझा बराचसा भाग गेला, मानेपाशी थोडी उरले. ते सगळ्यांचंच तसं होतं, त्यात दुःख नाही. पोरगं दिवसभर उघडं हुंदडायचं. ओढ्यात उतरून खेकडे धरायचं, सकाळी गार पाण्याने अंघोळ करून शाळेत पळायचं. मला काम असायचं, आणि ज्याला काम असतं तो ठणठणीत राहतो. मग निशा झाली, त्याची धाकटी बहीण. ती चालायला लागली तरी चालायची नाही. "दादा, उचल," म्हणून रूपेशच्या खांद्यावर बसायची, त्याच्या गळ्याभोवती पाय टाकून. म्हणजे बघा, ती माझ्याच शेजारी बसून लहानाची मोठी झाली. त्यांचा बाप, देऊ नावाचा, लवकर गेला. तेव्हापासून रूपेश तिचा भाऊही होता आणि बापही.

मग दिवस पालटले. चामटोलीची थोडी जमीन विकली गेली, खरवईत फ्लॅट आला. फ्लॅटला लिफ्ट आली, रूपेशला बाईक आली. उल्हासनगरला जीन्सच्या होलसेल दुकानात त्याला नोकरी लागली. काम काय, तर गादीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं. दुकानाचे सिंधी सेठ मनाने मोठे. सकाळी दालपकवान, म्हणजे तळलेल्या कडक पुऱ्या आणि डाळ, आल्याशिवाय ते शटर पूर्ण उघडायचे नाहीत. "खाओ साईं, खाली पेट धंधा नहीं होता," म्हणायचे. दुपारी समोसे, संध्याकाळी परत काहीतरी. घरी आलं की चंद्रीचं ताट तयार. बिचारीने अर्धं आयुष्य कोंड्या-कळण्याची भाकरी आणि मिठात काढलेलं. पोराच्या गालांवर मांस दिसलं की तिला वाटायचं, आपण जिंकलो.

"पोरानं अंग धरलं," ती शेजारणींना सांगायची. लग्नात पाहुणे म्हणाले, "जावई खात्यापित्या घरचा दिसतो." बायको श्रद्धा तेवढी कधी कधी म्हणायची, "अहो, जरा चालायला जात जा ना." रूपेश ढेरीवर हात फिरवून म्हणायचा, "टेन्शन नाय गं, उतरेल."

उतरेल कशी? आता आत काय चाललं होतं ते ऐका, कारण ते मीच सांगू शकते.

आधी पांढरी चरबी पोटावर होती, तोवर ठीक होतं. मग ती आतड्यांभोवती शिरली, छातीवर चढली आणि शेवटी माझ्या दारात येऊन बसली. रोज इतकं तेल यायचं की मला जाळून पुरेना. माझे ते बारीक थेंब फुगले, एकमेकांत मिसळले, आणि एकेका पेशीत एकच मोठा गोळा होऊन बसला. चुली भिंतीला चेपल्या गेल्या. काही मोडल्या, काहींची राख झाली. माझ्याकडे रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या कमी झाल्या, त्यामुळे श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. पेशी मरू लागल्या तशा शरीराच्या पहारेकरी पेशी आत घुसल्या आणि त्यांनी अशी जळजळ लावली की विचारू नका. मेंदूचा निरोप यायचा, 'पेटव गं!' पण माझ्या कानापर्यंत तो पोचायचाच नाही. मी हळूहळू पांढरी पडत गेले. जी मी जाळायला जन्मले, तीच साठवू लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि जे मी जाळत नव्हते ते जाणार कुठे? ते रक्तात राहिलं, आणि रक्तातून यकृतात जाऊन बसलं. यकृत म्हणजे शरीरातला सगळ्यात सोशिक गडी. तो तक्रार करत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मी काही जादूची कांडी होते असं नव्हे. हातापायांचे स्नायू माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाळतात. पण तेही गादीवर बसलेलेच होते ना!

अशात निशाला कावीळ झाली.

निशा बालवाडीत शिकवायची, बडबडी, हसरी. आधी वाटलं साधी कावीळ असेल. झाडपाला झाला, पथ्य झालं. मग पोट फुगलं, पाय सुजले, आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की यकृत आतून सुकत आलंय, दुसरं बसवावं लागेल. मेलेल्या माणसाचं मिळण्यासाठी नाव नोंदवलं, पण त्या रांगेत पुढे कितीतरी जण होते. जिवंत माणसाला आपल्या यकृताचा तुकडा देता येतो. दोघांचंही यकृत मग पुन्हा वाढतं. चंद्रीचा रक्तगट जुळेना. रूपेशचा जुळला.

"माझं काढा," रूपेश डॉक्टरांना म्हणाला. "अर्धं काढा, जास्त काढा, पण लवकर काढा."

डॉक्टर किर्ती नावाच्या बाई होत्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. त्यांनी त्याच्या पोटाचा स्कॅन पाहिला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"रूपेश, तुमच्या यकृतात चरबी फार आहे. असं यकृत कापलं तर तुमच्या जिवाला धोका, आणि बसवलं तरी निशाच्या अंगात ते नीट चालणार नाही. पण हे उतरवता येतं. बऱ्याच जणांचं दीड-दोन महिन्यांत उतरतं. तेल, तूप, साखर बंद. रोज भरभर चालायचं. वजन खाली आणा, मग आपण परत स्कॅन करू."

"आणि तोवर ही?"

"औषधांवर ठेवू. फार वेळ नाहीये, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही."

बाहेर बाकड्यावर निशा बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय दादा, नापास?"

"एटीकेटी," रूपेश म्हणाला. दोघं हसले. मग तो तोंड फिरवून पाण्याच्या नळाकडे गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून माणूस बदलला. सेठना सांगून त्याने रजा घेतली. खरवईहून चामटोलीच्या रस्त्याला सकाळी चालायला जाऊ लागला. मार्गशीर्ष चालू होता आणि बदलापूरची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे, शेतांवर धुकं उतरतं. रूपेश साध्या शर्टावर निघायचा. कितीतरी वर्षांनी थंडी माझ्या अंगाला लागली. निरोप आला. अगदी बारीक, पण आला. माझ्यात उरल्यासुरल्या चुली होत्या, त्यांतल्या एकदोन धुमसल्या. मला रडू आलं, मित्रांनो. वाटलं, अजून वेळ गेली नाही. महिनाभर असंच चाललं तर या पोराचं यकृत उतरायला माझाही थोडा हात लागेल.

घरी श्रद्धा तेल चमच्याने मोजून घालायची. उकडलेली भाजी, पातळ डाळ आणि दोन तांदळाच्या भाकऱ्या. भाकऱ्या मात्र चंद्रीच थापायची. तिच्या हातच्या भाकरीशिवाय रूपेशला घास उतरत नसे.

चंद्री हे सगळं बघत होती. पोराचे गाल आत गेले, गळ्याची हाडं दिसू लागली. तिला जे कळत होतं त्याच हिशेबाने ती विचार करत होती. तिने श्रद्धाला एकदा बोलूनही दाखवलं.

"बाईचं मूल सुटतं तवा सव्वा महिना डिंक-तूप घालतो तिला, शेक देतो, कान बांधतो. ह्याच्या पोटातनं तर कलेजीचा तुकडा काढणार. आन तुमी त्याला उपाशी मारताय. कापल्यावर उठंल का तो?"

"आई, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांना काय, त्यांचं पोर हाय का?"

श्रद्धा डाळ ढवळायला वळली. चंद्री भाकरी थापायला लागली. श्रद्धाला वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. एक दिवस रूपेश सकाळी शिंकत परत आला. ऑपरेशनच्या तोंडावर याला पडसं-खोकला झाला तर डॉक्टर हातच लावणार नाहीत, असं चंद्रीच्या मनाने घेतलं. तिने त्याच्या कानाला मफलर बांधला, स्वेटर चढवला, उन्हं वर आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. दिवे लागले की बाळंतिणीसारखी खाटेखाली शेगडी. ओवा-वेखंडाची धुरी. रूपेश म्हणायचा, "आई, मी काय बाळंतीण आहे का?" पण पोरगी दवाखान्यात आणि पोरगा कापायला निघालेला, अशा आईला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? तो पडून राहायचा. उन्हं तापल्यावर थोडं फिरून यायचा. माझ्याकडे येणारा निरोप बंद झाला. धुमसणाऱ्या चुली पुन्हा गार पडल्या.

आणि मग माझ्याकडे तूप येऊ लागलं.

मी चरबी आहे, मला तूप कळतं. रोज, दोन्ही वेळा. मला कळेना, श्रद्धा तर चमचा मोजते. रूपेश एकदा जेवताना म्हणालाही, "आई, भाकरी मऊ लागतेय हल्ली."

"नवे तांदूळ हायेत," चंद्री म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी रूपेश नवा शर्ट घालून गेला. पट्टा एक भोक आत आला होता, त्याला वाटलं जमलं. डॉक्टर किर्तींनी फोटो पाहिले, पुन्हा पाहिले.

"थोडी उतरलीय. पण पुरेशी नाही."

"डॉक्टर, आईशप्पथ सांगतो, मी एक समोसासुद्धा खाल्ला नाही."

"माझा विश्वास आहे. कधी कधी शरीर लवकर साथ देत नाही. अजून तीन आठवडे करू."

पण त्यांच्या आवाजात तीन आठवड्यांचा भरवसा नव्हता. निशा आता झोपूनच असायची, मधूनच असंबद्ध बोलायची. शुद्धीत आली की रूपेशचा हात धरून म्हणायची, "दादा, तुझा दोष नाही हां." तिने असं म्हटलं की त्याला ते शिवीपेक्षा जास्त लागायचं.

घरी आल्यावर तो आईला एवढंच म्हणाला, "अजून नाही झालं." चंद्रीने त्याचं उतरलेलं तोंड बघितलं आणि तिला वाटलं, आपण म्हणत होतो तेच. पोराच्या अंगात ताकद नाही, म्हणून डॉक्टर सुरी लावत नाहीत.

त्याच आठवड्यात श्रद्धा दळण आणायला पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. चंद्री परातीत उकड मळत होती. शेजारी पितळी डबा उघडा, त्यात तळून कुटलेला डिंक आणि बदामाची पूड. हात कोपरापर्यंत तुपाने माखलेला. चंद्री दचकली नाही. उलट कौतुकाने म्हणाली, "त्याला बोलू नको. त्याला कळतसुद्धा नाय बघ."

श्रद्धाने रूपेशला गच्चीवर नेलं आणि सांगितलं. तो कठड्याला धरून उभा राहिला. माझ्या जागेवरून मला त्याच्या मानेच्या शिरा ठणकताना कळत होत्या.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"स्वेटर घालायला लागलात तेव्हापासून असेल. मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको." तो म्हणाला. "निशा बरी झाली तर हसत सांगू. नाही झाली तर..." त्याने कठडा सोडला. "तू बोलू नकोस. मी भाकरी सोडतो, बास."

आईला त्याने सांगितलं की डॉक्टरांनी भाकरी बंद केलीय. मफलर काढून टाकला. पहाट झाली की धावत सुटायचा, अगदी फेस येईपर्यंत. मीही माझ्या परीने जीव काढला, खोटं नाही सांगत. पण वर्षानुवर्षं मोडलेल्या चुली अशा एका आठवड्यात मांडून होत नाहीत. सगळं तुपाने बिघडलं असंही मी म्हणणार नाही. तूप नसतं तर यकृत वेळेत उतरलं असतं का, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येणार नाही, आणि मलाही नाही. नेमकं तेच रूपेशला खातं.

तीन आठवडे निशाने दिले नाहीत. दुसराही पुरा झाला नाही. तिला रक्ताची उलटी झाली आणि पहाटे हॉस्पिटलातून फोन आला. तेव्हा रूपेश चामटोलीच्या रस्त्यावर धावत होता.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. घरात तिघंच उरली. चंद्रीने रूपेशला ताट वाढलं, भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला आणि समोर बसली. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. तिचे डोळे कोरडे होते. रडून रडून संपलेले.

"माझंच चुकलं रं पोरा," ती म्हणाली.

श्रद्धा दारात थबकली.

"मी घालत व्हते तुझ्या भाकरीत, डिंक आन तूप. चोरून घालत व्हते. पन भीत भीत घातलं, थोडं थोडं. अजून घालाया पायजे व्हतं. तुझ्या अंगात ताकद असती तर डॉक्टर नाय म्हनले नसते. माझी पोरगी वाचली असती."

रूपेशने तोंड उघडलं. खरं सांगायला त्याला ही एकच वेळ होती, आणि ते त्याला कळत होतं. श्रद्धालाही कळत होतं. तिने नुसती मान हलवली, नको म्हणून.

"तू काय कमी केलं नाहीस, आई," रूपेश म्हणाला. आणि त्याने तो तुपात बुडालेला घास खाल्ला.

मित्रांनो, उपदेश करायची मला हौस नाही. पण तुमच्या मानेपाशीही माझी एखादी बहीण असेल. तिला थंडी लागू द्या, घाम येईल असं हुंदडा, ताटात वाढलेलं सगळं संपवलंच पाहिजे असं मानू नका. ज्यांचं वजन वाढलंय त्यांना चिडवू नका, त्यांच्या आत काय मोडलंय ते तुम्हाला दिसत नसतं. आणि मायेने वाढणाऱ्या हाताला वेळेवर 'पुरे' म्हणा, का पुरे तेही समजावून सांगा. उशीर झाला की ते सांगता येत नाही.

चंद्री आता रोज रूपेशच्या भाकरीवर उघड तूप घालते. आपण कमी पडलो ते ती भरून काढते आहे. तो रोज ताट पुढे करतो, एक शब्द बोलत नाही, आणि ते सगळं थोड्या वेळाने माझ्यापाशी येतं. मला ते जाळता येत नाही.